खुर्चीवरची चादर: साठीनंतर ताकद कमवायला सुरुवात कशी करायची

जुळे सोलापुरात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सव्वासहाला, आठ-नऊ जण जमतात. सगळ्यात लहान ६१ चे, मोठ्या अव्वा ७६ च्या. मी शाळेत पी.टी. शिकवायचो, आता माझेच गुडघे बोलतात. नवीन माणूस आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "सर, मी रोज चालतो की ओ, कंबर तलावाला दोन चकरा. अजून काय पायजे?"

चालणं चांगलंच. सोडू नका. दम टिकतो, साखर आटोक्यात राहते, चार माणसं भेटतात. पण पायाला रोज तेवढंच ओझं मिळालं तर मांडी जास्त काही कमवत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाटा हे सांगत नाही, कारण मांस जातं तिथं चरबी येऊन बसते. मग एक दिवस एकदम कळतं: एस.टी.ची पहिली पायरी उंच वाटायला लागते, लग्नात पंगतीवरून उठताना शेजाऱ्याचा खांदा लागतो.

"आता या वयात काय होणार" म्हणणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगतो. अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा वजनाचा व्यायाम दिला होता. १९९० साली तो अभ्यास छापून आला. नऊ जण शेवटपर्यंत टिकले आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतली माणसं ती. तुम्ही तर अजून पोरं आहात.

आधी कोणी डॉक्टरांकडे जायचं

छातीत दुखतं, थोडं चढलं की धाप लागते, चक्कर येते, अलीकडे हार्ट अटॅक किंवा ऑपरेशन झालंय, हर्निया आहे, मणक्याला फ्रॅक्चर झालेलं आहे, साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावर लेसर करावं लागलंय: यातलं एक जरी असेल तर आधी विचारा, मग या. बीपी १८० च्या वर दिसत असेल तर त्या दिवशी व्यायाम नाहीच. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी वजन उचलू नये आणि खिशात गूळ-साखर काहीतरी ठेवावं.

गुडघे झिजले हे मात्र कारण चालत नाही. झिजलेल्या गुडघ्याला आधार मांडीच्या पुढच्या स्नायूचाच असतो. तो कमवला तर दुखणं बहुतेकांचं कमी होतं. हळू सुरू करायचं, एवढंच.

खुर्चीची परीक्षा

हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची खुर्ची घ्या आणि भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची घेऊ नका, ती सरकते. मध्यभागी बसा, पाय जमिनीवर सपाट, दोन्ही हात छातीवर आडवे. कोणाला तरी मोबाईलवर ३० सेकंद लावायला सांगा. पूर्ण उभं राहायचं, पुन्हा बसायचं. किती वेळा झालं ते मोजा. एकदाही हात टेकावा लागला तर आकडा शून्य.

अमेरिकेत वापरतात ती मोजपट्टी अशी: ६५ ते ६९ वयात पुरुषाचे १२ पेक्षा कमी आणि बाईचे ११ पेक्षा कमी आले तर ताकद सरासरीच्या खाली. ७० ते ७४ ला हेच आकडे १२ आणि १०, ७५ ते ७९ ला ११ आणि १०. आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहा. वहीत लिहिलेलं कोणी उघडून बघत नाही.

अव्वांचा पहिला आकडा शून्य आला होता. त्यांचा चेहरा पडला. मग मी घरातली सोलापुरी चादर आणली, चौघडी करून पुन्हा दुमडली आणि सीटवर ठेवली. बसायची जागा चार बोटं वर आली आणि अव्वा हात न लावता उठल्या. पुढचे अडीच महिने आमचा व्यायाम म्हणजे ती चादर होती. दर दोन आठवड्यांनी एक घडी कमी. वजन वाढवणं म्हणजे लोखंडच वाढवणं असं काही नाही, खुर्ची खाली गेली की ओझं आपोआप वाढतं. फक्त चादरीची कड सीटखाली नीट खोचा. घसरली तर माणूस जातो.

काय करायचं

आठवड्यात दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस रिकामा. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, असे दोन सेट, मध्ये मिनीट-दीड मिनीट विश्रांती. पहिल्या दोन आठवड्यांत एकच सेट. सुरुवातीला पाच मिनिटं जागेवर चालून अंग गरम करायचं, थंडीत दहा.

खुर्चीतून उठणं-बसणं हे पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. उठताना वेळ लागला तरी चालेल, पण बसताना धपकन बसू नका. तीन मोजत खाली या. खाली येताना जो ताण बसतो त्यातच अर्धी कमाई आहे, आणि तीच लोक सोडून देतात.

दुसरं, भिंतीला हात टेकून दंड. भिंत सोपी झाली की स्वयंपाकाचा ओटा. आमच्या गच्चीत ओटा नाही, आम्ही कठड्याला टेकतो, पण कठडा पक्का आहे हे आधी बघितलं.

तिसरं टॉवेलचं. सोलापूरकरांच्या घरात टेरी टॉवेलची काय कमी? खुर्चीवर बसून एक पाय थोडा पुढे घ्या, तळव्याखालून टॉवेल घाला, दोन टोकं दोन हातांत धरा. पायानं पुढे रेटा आणि हातानं कमरेकडे ओढा. कोपरं मागे जातात, पाठीच्या पंख्यांत ताण येतो. पोक काढून बसायची सवय याच्यानं बरीच सुटते. विडीच्या सुपासमोर आयुष्यभर वाकून बसलेल्या आमच्या एका मावशींना हाच प्रकार सगळ्यात आवडतो.

टाचा उचलणं: ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहायचं, हळू खाली यायचं. जिन्याच्या एका पायरीवर चढ-उतर: कठडा धरून, आधी एक पाय, मग दुसरा.

आणि ओझं वाहणं. याच्यासाठी सोलापुरात वेगळी सोय करावी लागत नाही, पाण्याचा दिवस आला की झालं. पण आपण काय करतो? एका हातात काठोकाठ भरलेली बादली आणि दुसरा हात कमरेवर. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, सगळं एका बाजूला. त्यापेक्षा दोन्ही हातांत चार-चार लिटर घ्या, छाती वर, खांदे मागे, वीस-तीस पावलं चाला, ठेवा, दम घ्या. आधी फरशी पुसा. व्यायाम करताना पडला तर पुढच्या सहा महिन्यांचं गणितच बदलतं. पाणी नसेल त्या दिवशी दोन पिशव्यांत किलो-किलोचे तांदळाचे, मिठाचे पुडे. डंबेल्स विकत आणायची घाई नको. आणलेली डंबेल्स दाराला टेका म्हणून वापरलेली मी तीन घरांत बघितलीत.

शेवटी तोल: ओट्याजवळ एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. हे रोज केलं तरी चालतं.

श्वास कोंडायचा नाही. जोर लावताना सोडायचा. हे कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून आम्ही मोठ्यानं मोजतो. बोलणारा माणूस श्वास कोंडू शकत नाही. आमच्यात मराठी आहेत, कन्नड आहेत, पद्मशाली घरातले तेलुगू आहेत. त्यामुळे पहिला सेट एक-दोन-तीन, दुसरा ओंदु-येरडु-मूरु, आणि अण्णा असतील तर ओकटि-रेंडु-मूडु. चुकलं की सगळे हसतात. यानं मेंदू तल्लख होतो असा माझा दावा नाही, पण सकाळी सव्वासहाला माणसं येतात ती यासाठीच.

वजन कधी वाढवायचं

शेवटचे दोन जड जायला हवेत, पण "अजून दोन झाले असते" एवढं शिल्लक राहायला हवं. बाराचे दोन्ही सेट लागोपाठ दोन दिवस आरामात झाले की थोडं वाढवा: चादरीची एक घडी काढा, पिशवीत एक पुडा घाला. वर्षभर तोच एक किलो उचलत राहिलात तर ती कवायत, ताकदीचा व्यायाम नव्हे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे उंच, जड नंदीध्वज पेलणारे मानकरीही आधी सराव करतात, संक्रांतीला थेट हात घालत नाहीत.

उलटी चूक मी स्वतः केली. साठीला एका जिममध्ये गेलो. पोरगा उत्साही होता, आणि मी पी.टी. मास्तर असल्याची मस्ती होतीच. पहिल्याच दिवशी त्यानं घातलं तेवढं वजन जमिनीवरून उचललं आणि तीन आठवडे कंबरेला पट्टा बांधून झोपलो. जिमला जायचं असेल तर जरूर जा, पायानं ढकलायचं मशीन म्हाताऱ्यांना उत्तम. फक्त पहिले चार आठवडे वजन तुम्ही ठरवा, पोरानं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं ठीक. सांध्यात टोचल्यासारखं दुखणं, सूज, एका बाजूलाच कळ हे ठीक नाही, तो प्रकार थांबवा. छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखणं, दरदरून घाम: व्यायाम बंद, सरळ दवाखाना.

आणि उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला टेकतो. सातच्या आत आटपा, नाहीतर घरात पंख्याखाली करा.

ताटात काय

गच्चीवरचं काम सोपं, ताटाचं अवघड. कारण तिथं भावना असतात.

मी एकदा अव्वांना दिवसभरात काय खाल्लं ते विचारलं. सकाळी चहा-खारी. दुपारी एक भाकरी, शेंगाचटणी, पातळ आमटी. चार वाजता चहा. रात्री आमटी-भात, "भूकच नसती ओ." हिशेब केला तर जेमतेम ३० ग्रॅम प्रथिनं. अव्वांचं वजन ६० किलो. उतारवयात किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. म्हणजे अव्वांना ६० ते ७२. विटा आणल्याच नाहीत तर गवंडी काय बांधणार?

प्रोटीनचा डबा लागत नाही. आम्ही अव्वांचं ताट असं बदललं. सकाळी डाळीच्या पिठाची दोन धिरडी (५० ग्रॅम पीठ, साधारण ११ ग्रॅम प्रथिनं) आणि पेलाभर दूध (६). दुपारी दोन भाकरी (१२), मटकीची घट्ट उसळ वाटीभर (७), वाटीभर दही (५), चटणी (४-५). चार वाजता चहाबरोबर खारीऐवजी मूठभर फुटाणे (६). रात्री एक भाकरी, घट्ट वरण आणि भात (१६). बेरीज ६७-६८. अंडी खाणाऱ्यांना अजून सोपं: एका अंड्यात ६ ग्रॅम. सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम कोरड्या घेतल्या तर १५. मटण खाता तर खा, पण रविवारी एकदाच भरपूर खाऊन आठवड्याची भरपाई होत नाही. दर जेवणाला २० च्या आसपास आलं तर स्नायूंना ते जास्त उपयोगी पडतं.

मूत्रपिंडाचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हा हिशेब तुमच्यासाठी नाही. डॉक्टर सांगतील तो आकडा.

शेंगाचटणीबद्दल माझ्या मनात दोन मतं आहेत. शेंगदाणा सोन्यासारखा, १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रथिनं. पण चटणीबरोबर मीठ जातं. दिवसाचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात पापड-लोणचंही आलं. घरी कुटत असाल तर मीठ निम्मं करा आणि लसूण वाढवा. आठवड्यात जिभेला कळेनासं होतं.

कडक भाकरी कवळीवाल्यांना जमत नाही आणि मग ते हळूहळू भात आणि चहा-बिस्किटांवर येतात. माझा अनुभव असा की म्हाताऱ्या माणसाचं खाणं कमी झालं की आधी तोंडात बघावं. दात, कवळी, हिरड्या. तोवर भाकरी आमटीत कुस्करून, मऊ. ज्वारी मंगळवेढ्याची असेल तर कुस्करायलाही बरं वाटतं.

एकादशी, सोमवार, गुरुवार धरणाऱ्यांनो, साबुदाण्यात प्रथिनं नसल्यातच जमा. दही, दूध, दाण्याची आमटी घ्या. व्यायामाचा दिवस उपवासाला धरू नका. तहान वयानं मंदावते, तेव्हा तांब्या भरून समोर ठेवा (हृदय-किडनीवाल्यांनी पाण्याचं प्रमाण विचारून).

डोक्याचं काय

खरं तर बहुतेक जण येतात ते या भीतीनं. भारतात साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज आहे. प्रत्येकाच्या नात्यात एक तरी असतंच.

वजन उचलून विस्मरण बरं होतं असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. जे माहीत आहे ते एवढं: कॅनडात व्हँकुव्हरला ६५ ते ७५ वयाच्या १५५ बायकांचे तीन गट केले होते. दोन गटांनी आठवड्यातून एकदा किंवा दोनदा वजनाचा व्यायाम केला, तिसऱ्यानं तोल आणि लवचिकतेचा. वर्षानं वजनवाल्या दोन्ही गटांची लक्ष एकवटण्याची, नको ते बाजूला सारण्याची क्षमता सुधारली. तिसऱ्याची नाही. हा अभ्यास २०१० चा. आठवड्यातून एकदा करणाऱ्यांनाही फायदा झाला, हे मला त्यातलं सगळ्यात दिलासादायक वाटतं.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर दोन वर्षं एक प्रयोग झाला: आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि बीपी-साखर-कोलेस्टेरॉलवर नजर, सगळं एकत्र. २०१५ ला निकाल आला, त्या गटाची विचारशक्ती दुसऱ्यापेक्षा बरी राहिली. उलट २०२३ मध्ये मेंदूसाठी म्हणून बेतलेला एक खास आहार ६०० वर माणसांना तीन वर्षं देऊन बघितला, तर साध्या मोजक्या खाण्यापेक्षा त्याचा ठळक फरक दिसला नाही. म्हणून परदेशी बेरी मागवू नका. मेथी, अंबाडी, चाकवत, तांदुळजा मंडईत मिळतात. डाळिंब आपलंच आहे, खा, पण ते औषध नव्हे, आणि साखर असेल तर मोजून.

आता अण्णांची गोष्ट. चाळीस वर्षं यंत्रमागावर. त्या खटखटीत कान गेले. घरचे म्हणायचे, अण्णा विसरतात, भलतंच उत्तर देतात. गच्चीवर माझ्या लक्षात आलं की मी समोर उभा असलो की अण्णा बरोबर करतात आणि पाठमोरा असलो की चुकतात. ते विसरत नव्हते, ऐकूच येत नव्हतं. कान तपासले, यंत्र बसवलं. पहिला महिना कटकट, "सगळं कर्कश वाजतं." आता स्वतः काढत नाहीत. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनं स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी १४ टाळता येण्यासारखी कारणं मांडली. सगळी आवरली तर जवळपास ४५ टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा हिशेब आहे. त्यात कमी ऐकू येणं आहे, तसंच बीपी, साखर, धूम्रपान, हालचाल नसणं, नजर अधू होणं, एकटेपणा आणि वाईट कोलेस्टेरॉलही. ज्या शहरानं एवढे माग चालवले तिथं साठीनंतर कानाची तपासणी बीपीइतकी सवयीची हवी.

रक्ताची एक तपासणी मी हमखास सांगतो: बी-१२. शुद्ध शाकाहारी, किंवा वर्षानुवर्षं साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणारे, किंवा ॲसिडिटीची गोळी रोज घेणारे असाल तर ते कमी असू शकतं. त्यानंही विसरायला होतं, पायाला मुंग्या येतात, तोल जातो, आणि वेळेत सापडलं तर उपचार सोपा. थायरॉइडही सोबत बघून घ्या. रोजच्या वाटेवर चुकणं, पैशाचे व्यवहार गोंधळणं, तोच प्रश्न पाच मिनिटांत तीनदा: हे दिसलं तर व्यायामावर न विसंबता मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं असं अचानक झालं तर त्याच मिनिटाला रिक्षा पकडा.

खंड पडला तर

पडणारच. लग्न, ताप, मुलीकडे पुण्याला पंधरा दिवस. आठवडाभर चुकला तर एक पायरी मागे या: एक पुडा कमी, चादरीची एक घडी परत. महिना गेला तर पुन्हा एका सेटपासून. तापात व्यायाम नको, आणि ताप उतरल्यावर दोन-तीन दिवस आधी जेवण जागेवर येऊ द्या. बारा आठवड्यांनी खुर्चीची परीक्षा पुन्हा घ्या, त्याच खुर्चीवर, आणि आकडा कॅलेंडरवर.

अव्वांचा तेव्हाचा आकडा ९ होता, चादरीशिवाय. दिवाळीत त्या मुलाकडे हैदराबादला गेल्या, तीन आठवडे काही केलं नाही. परत आल्या त्या दिवशी मी न बोलता चादर खुर्चीवर ठेवली. त्यांनी ती उचलून कठड्यावर टाकली, एकदा बसल्या, उठता आलं नाही, आणि मुकाट्यानं जाऊन परत घेऊन आल्या. "दोनच घड्या घाला सर," म्हणाल्या, "चार नको."